कोरड्या बोअरचा हिशेब

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे 'शोधाचा खर्च कोणी करायचा, सरकारनं की कंपन्यांनी'. रॉकेट, चंद्र, औंढा नागनाथची लायगो म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वलहरी पकडायची वेधशाळा, सगळ्याकडे येणार आहे. पण सुरुवात बोअरपासून करू द्या. मराठवाड्यात जमिनीखाली काय आहे हे बघायला पदरचा पैसा घालतो तो शेतकरी; कधी सोसायटीचं कर्ज काढून, कधी घरातलं सोनं मोडून. ज्यांच्या रानात एकापेक्षा जास्त बोअर आहेत त्यांनी हात वर करा बघू. घ्या खाली, मोजत बसलो तर व्याख्यान राहून जाईल.

बोअर पाडणारी गाडी रानात उभी राहते. साडेसहा इंची बिट लावून हॅमर सुरू होतो, कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते आणि खडकाचा चुरा वर फेकते. आधी माती, मग मुरूम, मग राखाडी चुरा, म्हणजे काळा पाषाण. चुऱ्यात पांढरे खडे चमकायला लागले की मांजऱ्या खडक. चुरा विटकरी झाला की गेरूचा थर. आपली भुई लाव्ह्याच्या थरावर थर चढून झालेली आहे. पाणी सापडतं ते दोन थरांच्या सांध्यात, भेगांत आणि झिजलेल्या मांजऱ्यात. अखंड काळ्या पाषाणात ते राहायला जागाच नाही. म्हणून चुऱ्याचा रंग कितव्या फुटाला बदलला, हीच सगळ्यात मोलाची माहिती. गाडी गेली की हीच माहिती फुफाट्याबरोबर उडून जाते.

ती धरून ठेवायला फार काही लागत नाही. प्रत्येक रॉड उतरला की मूठभर चुरा प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि चिठ्ठीवर फूट लिहा. रॉड उतरायला किती मिनिटं लागली तेही लिहा. खडक मऊ झाला, भेग आली, हे चुऱ्याच्या आधी ही मिनिटं सांगतात. पहिला ओलावा कुठं, पाणी कुठं लागलं, ते वेगवेगळं लिहा. पाणी 'दोन इंची' म्हणून सोडून देऊ नका. 200 लिटरचा पिंप लावा. 100 सेकंदांत भरला तर तासाला 7,200 लिटर झाले. हा आकडा कॉम्प्रेसरनं उपसलेल्या पाण्याचा असतो, मोटार तेवढं रोज देईलच असं नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा.

केसिंगचं, म्हणजे कडा ढासळू नयेत म्हणून बोअरमध्ये बसवतात त्या पाइपचं, सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पाइप पक्क्या खडकात रोवून बसला पाहिजे. चार फूट वाचवायला तो मुरमातच थांबवला की पावसाळ्यात कडेची माती आत ढासळते. गेरूचा थर तर आणखी वाईट. तो ओला झाला की फुगतो, सुटतो आणि मोटार खाली अडकवतो. मोटार काढता आली नाही म्हणून पाणी असलेले बोअर सोडून द्यावे लागतात. गेरू कितव्या फुटाला आहे हे शेजारच्या बोअरवर लिहिलेलं असतं, तर तेवढ्या भागात पाइप टाकता आला असता.

पाणाड्याच्या नारळावर मी वेळ घालवत नाही. मशीननं बघणाऱ्यांना मात्र एक विचारा. चार सळया रोवून, वीज सोडून ते खडकाचा विद्युतरोध मोजतात. पाणी धरलेल्या खडकाचा रोध कमी येतो, पण चिकणमातीचा आणि गेरूचाही कमीच येतो. दोन्हींतला फरक शेजारच्या बोअरची नोंद सांगू शकते. नोंद नसेल तर मशीनवालाही अंदाजच करतो.

माझं खरं दुखणं इथं आहे. बोअर फेल गेला की त्या भोकावर दगड ठेवतात आणि विषय बंद होतो. पुढच्या साली बांधापलीकडचा भाऊ तोच पाषाण स्वतःच्या पैशानं पुन्हा फोडतो. आता दुसरीकडे बघा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रसंस्थांनी 617 मीटर खोल छिद्र घेतलं. काळ्या पाषाणाचे थर सुमारे 338 मीटरवर संपतात आणि खाली जुना मूळ खडक लागतो, हे त्यातून कळलं. ते छिद्र सार्वजनिक पैशाचं होतं, म्हणून त्याचा आकडा आज कोणालाही मिळतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर मूळ विषय.

अमेरिकेत लायगोची पहिली यंत्रं 2002 ते 2010 चालली आणि गुरुत्वलहर एकही सापडली नाही. सरकारी विज्ञाननिधीनं तरी हात काढला नाही, यंत्रं सुधारली आणि 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली गेली. आठ वर्षांचा कोरडा बोअर कुठली कंपनी पोसेल? गूगलनं 2007 साली चंद्रावर खासगी गाडी उतरवणाऱ्यांसाठी 3 कोटी डॉलरची बक्षिसं ठेवली. मुदत वाढवत नेली, आणि 2018 मध्ये कोणीच न जिंकता स्पर्धा संपली. आपल्या बंगळूरूचा संघ शेवटच्या पाचांत होता.

कंपन्या नकोत असं मी म्हणत नाही. स्पेसएक्सची पहिली तीन उड्डाणं फसली, चौथं 28 सप्टेंबर 2008 ला जमलं. त्याच डिसेंबरात नासानं 12 मालवाहू फेऱ्यांसाठी 160 कोटी डॉलरचा करार दिला. कंपनी उभी राहिली ती सरकार गिऱ्हाईक झालं म्हणून. तेव्हा गिऱ्हाइकानं अट घालावी: फसलेल्याची नोंदही आम्हाला द्या. चांद्रयान-2 चा लँडर 7 सप्टेंबर 2019 ला कोसळला. त्यातून शिकून पुढच्या वेळी पाय मजबूत केले आणि उतरायची जागा 500 बाय 500 मीटरवरून 4 बाय 2.4 किलोमीटर केली. 23 ऑगस्ट 2023 ला यान उतरलं.

औंढ्याच्या लायगोला 2023 मध्ये केंद्रानं 2,600 कोटी मंजूर केले, ते योग्यच केलं. त्याच तालुक्यातल्या बोअरची नोंदही सरकारनंच ठेवावी. भूजल कायद्यात बोअर पाडणाऱ्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आहेच. गाडीवाल्यानं थरांचा कागद ग्रामपंचायतीत दिल्याशिवाय बिल घेऊ नये, आणि कोरड्या बोअरचा कागद देणाऱ्या शेतकऱ्याला सरकारनं खर्चाचा वाटा द्यावा.

बाहेरच्या टेबलावर एका बोअरच्या चुऱ्याच्या पिशव्या फुटांप्रमाणे मांडून ठेवल्या आहेत. गेरूची पिशवी उघडून बोटानं थोडं पाणी लावा आणि किती चिकट होतं ते बघून जा.