देवाच्या घरची चोरी

नमस्कार, श्रोतेहो. आज एकाच शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, सॅक्रिलेज. मराठीत आपण त्याला पावित्र्यभंग म्हणतो, विटंबना म्हणतो. हल्ली तो फार स्वस्त झालाय. जुन्या गाण्याला नवी चाल लावली की कुणीतरी लगेच 'सॅक्रिलेज!' म्हणून ओरडतंच. एवढा जड शब्द इतक्या हलक्या हातानं फेकू नये, असं आपलं माझं मत.

कारण मुळात हा शब्द भावना दुखावण्याचा नव्हेच. हा चोरीचा शब्द आहे. लॅटिनमध्ये 'साकेर' म्हणजे देवाला वाहिलेलं आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणं, गोळा करणं. देवाला वाहिलेलं वेचून नेणारा तो 'साक्रिलेगुस'. पुन्हा सांगतो, साक्रिलेगुस म्हणजे देवळातला चोर. संस्कृतात देवाच्या मालमत्तेला 'देवस्व' म्हणतात, त्यावर हात मारणारा. रिलिजन हा शब्द कानाला जवळचा वाटतो, पण सॅक्रिलेज त्यातून आलेला नाही. याच 'लेगेरे'तून इलेक्शन आणि कलेक्शन आले, आणि त्याला पुढे वाचणं असाही अर्थ आला, म्हणून लेक्चरही; ही सगळी या चोराची भावंडं. लेक्चर त्या घराण्यातलं निघालं याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. ऐकणाऱ्याचा वेळ लुटतंच की ते.

पण चोर म्हटला की मला आठवतो व्हेरेस. इसवी सनापूर्वी ७३ ते ७१ या काळात हा रोमचा सुभेदार म्हणून इटलीजवळच्या सिसिली बेटावर होता. त्याला मूर्तींचा भारी नाद. नाद म्हणजे, दिसली मूर्ती की उचल. तिथल्या अॅग्रिजेंटम गावात हर्क्युलिस या महापराक्रमी वीराचं देऊळ होतं आणि आत काशाची देखणी मूर्ती. लोक नुसते हात जोडत नसत, मूर्तीचा मुकाही घेत. इतका, की तिचे ओठ आणि हनुवटी झिजली होती.

एका रात्री व्हेरेसची हत्यारबंद माणसं देवळावर चालून आली. राखणदारांना बडवलं, दारं फोडली आणि मूर्तीला हात घातला. कुणी पहारी लावून उचकटतोय, कुणी हातापायांना दोर बांधून ओढतोय. तासाभराहून जास्त वेळ चालला हा उद्योग. मूर्ती तसूभर हलेना! तोवर गावात बोंब झाली. म्हातारे उठले, दुखणाईत उठले, हाताला लागेल ते घेऊन धावले आणि दगडांचा असा मारा केला की चोरांची पळता भुई थोडी झाली. जाताना दोन चिमुकल्या मूर्ती तेवढ्या नेल्या, मालकापुढे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून!

आता खरी गंमत ऐका. लॅटिनमध्ये 'व्हेरेस' म्हणजे डुक्कर. आणि हर्क्युलिसच्या पराक्रमांत एक पराक्रम एरिमँथसच्या रानडुकराला पकडण्याचा. तेव्हा सिसिलीकर म्हणाले, हर्क्युलिसच्या खाती आता हेही डुक्कर मांडा! घरावर दरोडा पडला तरी ज्यांची जीभ शाबूत राहते, अशा माणसांवर माझा जीव आहे. अशा वेळी आपण बहुधा निवेदन देतो.

पुढे या शब्दाचा पैस वाढला. चर्चनं पवित्र वस्तूंबरोबर पवित्र माणसं आणि जागाही त्यात घेतल्या आणि शब्दाचा अर्थ चोरीवरून अपमानावर गेला. तरी जुना अर्थ चिवट निघाला. इंग्लंडच्या १९१६च्या चोरीविषयक कायद्यात प्रार्थनास्थळ फोडून आत गुन्हा करणं याचं नावच सॅक्रिलेज होतं. १९६८च्या कायद्यानं ते वेगळं कलम काढलं. देवाचं घर फोडा नाहीतर माणसाचं, गुन्हा घरफोडीचाच.

आणि हो, व्हेरेसचं काय झालं ते राहिलंच. इसवी सनापूर्वी ७० मध्ये रोमचा नामांकित वक्ता सिसेरो यानं त्याच्यावर खटला चालवला. पहिल्याच फेरीत पुरावे असे मांडले की व्हेरेस निकालाची वाट न बघता मार्सेयला पळाला. हर्क्युलिसची हकिगत ज्या भाषणात आहे, ते करायची वेळच आली नाही. पण तयार भाषण वाया घालवेल तो वक्ता कसला? सिसेरोनं ते लिहून प्रसिद्ध केलं. न झालेलं भाषण दोन हजार वर्षं गाजतंय, आणि मी इथं घड्याळाकडे बघत बोलतोय. नमस्कार.