चिनी वळणाची इंग्रजी

(दृश्य : बीजिंग, विद्यापीठाचं आवार, घोळक्याने बोलत उभी माणसं)

बीजिंगच्या रनमिन विद्यापीठात शुक्रवारी संध्याकाळी ‘इंग्लिश कॉर्नर’ भरण्याची जुनी प्रथा आहे. विद्यार्थी, नोकरदार, निवृत्त मंडळी, कुणीही यावं आणि समोर दिसेल त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागावं. अशा ठिकाणी कान देऊन ऐकलं, की काही वाक्यं हमखास भेटतात.

“माय मदर इज अ डॉक्टर. ही वर्क्स इन अ हॉस्पिटल.”

आईला ‘ही’? मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, तो, ती, ते या तिघांचाही उच्चार एकच : ‘ता’. लिहिताना चिन्हं वेगळी असतात. त्यातलं ‘ती’साठीचं चिन्हसुद्धा या अर्थाने रूढ झालं ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ल्यू बाननोंग या कवी-भाषातज्ज्ञाच्या पुढाकाराने. बोलण्यात मात्र आजही फरक नाही. इंग्रजीतला ‘ही-शी’चा नियम पाठ असतो, पेपरात चूक होत नाही. पण बोलण्याच्या ओघात प्रत्येक वाक्याला स्त्री की पुरुष हे ठरवायची सवयच जिभेला नसते. उत्तम इंग्रजी बोलणारेही इथे घसरतात. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

(दृश्य : वर्ग, फळ्यावर इंग्रजी वाक्य)

“यस्टर्डे आय गो टू शांघाय.”

चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘काल’ म्हटलं, की काळ कळला. ‘ल’ असा एक छोटा शब्द आहे खरा, पण तो काम पुरं झाल्याचं सांगतो. ‘उद्या जेवण झालं की निघू’ यातही तो येतो. सिंगापूरच्या बोलीतल्या इंग्रजीत “आय ईट ऑलरेडी” ऐकू येतं, तोही चिनी बोलींचाच ठसा. त्यात उच्चाराची अडचण वेगळी. मँडरिनमध्ये शब्दावयवाच्या शेवटी ‘न’, ‘ङ’ आणि क्वचित ‘र’ एवढीच व्यंजनं येतात. मग ‘वर्क्ड’मधला शेवटचा ‘क्ड’ ऐकू यायचा कसा आणि तोंडातून निघायचा कसा?

“ऑल्दो इट इज रेनिंग, बट आय विल गो.” चिनीत ‘सुईरान’ (जरी) आलं, की जोडीला बहुधा ‘दानशी’ (पण) येतंच. जरी-तरीची जोडी लहानपणापासून वापरणाऱ्या आपल्याला हे वाक्य परकं वाटायचं कारण नाही. नकारार्थी प्रश्नाचंही तेच. “यू डोन्ट लाइक टी?” असं विचारल्यावर “यस” म्हणणारा चिनी विद्यार्थी सांगत असतो : हो, नाही आवडत.

(दृश्य : परिषद, दुभाष्याची वही)

सर्वांत कठीण परीक्षा आकड्यांची. चिनी मोजणी चार-चार शून्यांनी पुढे सरकते. दहा हजार म्हणजे एक ‘वान’, दहा कोटी म्हणजे एक ‘यी’. चीनची सुमारे १४० कोटी लोकसंख्या चिनीत ‘चौदा यी’ होते, इंग्रजीत १.४ बिलियन. लाख-कोटींचे मिलियन करताना अडखळलेल्या मराठी माणसाला ही कसरत ठाऊक आहे. ‘चौतीस वान’ ऐकलेल्या दुभाष्याला क्षणात ‘थ्री हंड्रेड अँड फॉर्टी थाउजंड’ म्हणायचं असतं. म्हणून मुरलेले दुभाषेही आकडा कानावर पडताच आधी वहीत उतरवतात, तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतात आणि मगच तोंड उघडतात.