जानेवारीचा गडी

अध्यक्ष महोदय, सचिवभाऊ, समोरच्या ताई-माई आणि दाराला टेकून उभे असलेले पोट्टे, नमस्कार. विषय दिला आहे 'हंगामाच्या मध्यावर संघनिवड'. उदाहरण इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचं घेणार. काहून, तर ज्याचं दुखते तोच बोलते. मँचेस्टर युनायटेडवाले हसून राहिले. हसू द्या, सध्या त्यांच्यापाशी तेवढंच आहे.

जानेवारी लागला की आपल्या गावात दोन प्रकारचे लोक रात्रभर जागे असतात. एक हरभऱ्याच्या जागलीवरचे, रानडुकरांच्या धाकानं. दुसरे मोबाइलमध्ये तोंड घालून 'कोण आला, कोण आला' पाहणारे. काही महाभाग दोन्ही एकदम करतात. तिकडे इंग्लंडात हंगामाच्या मधात क्लबांची खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. तिचा शेवटचा दिवस 2025 च्या हिवाळ्यापर्यंत रात्री अकराला संपायचा, म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. लाइन रात्रीचीच, मोटर चालू, आणि हा धुऱ्यावर बसून आर्सेनलला स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, भेटतो का पाहते. तोवर दांड फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात.

ही आशा खेळाडूंनाही सोडत नाही. 31 जानेवारी 2013. वेस्ट ब्रॉम क्लबचा पीटर ओडेमविंगी गाडी काढून थेट लंडनला, क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर हजर. दोन्ही क्लबांचं ठरलेलंच नव्हतं! गाडीच्या काचेतून मुलाखत दिली, आत कोणी घेतलं नाही, आल्या वाटेनं परत. सोयरीक जुळायच्या आधीच नवरदेव मांडवात.

हसता काय? आपल्या मंडळानं काय वेगळं केलं? उपांत्य सामना घरच्या पोट्ट्यांनी जिंकून दिला, तर कार्यकारिणी म्हणे फायनलला बाहेरचा गडी पाहिजे. शहरातून सेंटर फॉरवर्ड आणला. गाडीभाडं, मुक्काम, सावजी मटण, वरून रोख. गडी चांगला होता, त्यात वाद नाही. पायात भडक केशरी बूट, केसांना जेल. पण आपल्या डाव्या बाजूच्या पोट्ट्याला त्याचं नावच माहीत नव्हतं. तो ओरडते, 'ओ भाऊ! ओ बूटवाले भाऊ!' तोवर चेंडू गेला बाजूच्या तुरीत. आपले पोट्टे सवयीनं उजव्या कोपऱ्यात लांब बॉल टाकत, आणि बूटवाले भाऊ मधात हात पसरून उभे, पायात द्या म्हणून. ज्यानं उपांत्य सामन्यात गोल मारला तो बाकावर पाण्याची कॅन सांभाळत होता. त्याची आई मैदानाच्या कडेला उभी होती, तिनं कार्यकारिणीबद्दल जे म्हटलं ते इथे सांगता येत नाही. तीन-शून्य हरलो. वार्षिक हिशेबात ते मटण 'क्रीडासाहित्य' म्हणून लागलं आहे. अध्यक्षांनी हा विषय काढू नका म्हटलं होतं, पण आता निघाला.

चिठ्ठी आली. नऊला लाइन जाते. तर मुद्दा, पटापट.

2025 च्या जानेवारीत आर्सेनलचा स्ट्रायकर गॅब्रिएल जेझुसचा गुडघा गेला. आर्सेनलनं ॲस्टन व्हिलाच्या स्ट्रायकर ओली वॉटकिन्ससाठी बोली लावली, व्हिलानं नाही म्हटलं. कोणीच आलं नाही. फेब्रुवारीत दुबईच्या शिबिरात पुढे खेळणाऱ्या हावर्ट्झच्या मांडीचा स्नायूही गेला. मग 15 फेब्रुवारीला लेस्टरविरुद्ध प्रशिक्षक आर्टेटानं मिकेल मेरिनोला, मधल्या फळीतल्या माणसाला, उत्तरार्धात उतरवून पुढे उभं केलं. शेवटी-शेवटी दोन गोल. पहिला डोक्यानं, सतरा वर्षांच्या न्वानेरीच्या क्रॉसवर. एप्रिलमध्ये रेआल माद्रिदला 3-0 हरवलं, त्यातला तिसराही मेरिनोचाच. त्याला नावानं हाक मारता येत होती! लीग लिव्हरपूलनं नेली, ठाऊक आहे, बोट खाली करा. माझं भांडण एवढंच, की हा प्रयोग जानेवारीतच करायचा. तो महिना वॉटकिन्सची वाट पाहण्यात गेला.

मग 2022 चं काय, असं मास्तर विचारतील. त्या जानेवारीत कुलुसेव्स्की आणि बेंटांकुर इटलीच्या युव्हेंटसहून आपल्या शेजारच्या टॉटनहॅमला आले. आपण, म्हणजे आर्सेनलनं, स्ट्रायकर ऑबामेयांगला सोडलं आणि त्याच्या जागी कोणी आणलं नाही. टॉटनहॅम 71 गुणांवर चौथं, आपण 69 वर पाचवे, पहिल्या चारांनाच मिळणारी चॅम्पियन्स लीग हुकली. कबूल. पण टॉटनहॅमची खरेदी पाहणारा पारातीची स्वतः युव्हेंटसमधून आलेला, दोघांनाही आतून ओळखणारा. 2018 च्या जानेवारीत नव्यानं घेतलेल्या बचावपटू व्हॅन डाइकनं लिव्हरपूलकडून पहिल्याच सामन्यात एव्हर्टनविरुद्ध विजयी गोल केला, पण लिव्हरपूल त्याच्या मागे आदल्या उन्हाळ्यापासून होतं. ओळखीचा असेल तर जानेवारीत घ्या. नाहीतर बाक पाहा.

आणि युनायटेडवाल्यांसाठी त्यांचा बचावपटू एव्रा. जानेवारी 2006, पहिलाच सामना मँचेस्टर सिटीविरुद्ध, मध्यंतरालाच बाहेर काढला, 3-1 नं हरले. पुढे पाच वेळा लीग जिंकला, पण त्या हंगामात नाही. पैशाचा मुद्दा राहिलाच. तो चहाच्या वेळी अध्यक्षांना विचारा, मटणासकट.