मेंदी: पानातला रंग, हातावरचा रंग

(दृश्य: फांदी, अगदी जवळून)

मेंदीचं पान लहानसंच असतं. ओलं पान चुरडून बोटांवर तसंच राहू दिलं, तर हिरवा रस पुसल्यावर खाली केशरी डाग दिसतो. ही किमया लॉसोन नावाच्या रंगद्रव्याची. झुडपाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. त्याला कोरडी, उष्ण हवा मानवते.

(दृश्य: चाळण)

वाळलेली पानं दळून पूड वस्त्रगाळ करतात. देठाचा एखादा तुकडा जरी राहिला, तरी तो कोनाच्या टोकात अडकतो आणि ऐन नक्षीत धार तुटते.

(दृश्य: वाडग्यात पूड, लिंबू पिळणारा हात)

आता लिंबाचा रस. त्याच्या आंबटपणामुळे लॉसोन पुडीतून हळूहळू सुटतं. थोडी साखर लेप ओलसर ठेवते आणि त्वचेला धरून ठेवते. निलगिरीच्या तेलाचे काही थेंब रंग गडद करतात. गुठळ्या मोडेपर्यंत घोटायचं, वरून झाकायचं आणि थांबायचं. हवेतल्या उष्म्यानुसार सहा ते बारा तास.

हा वाडगा नीट पाहा. वरचा थर तपकिरी झालाय, चमचा घातला की आत अजून हिरवं आहे. मेंदी तयार झाल्याची खूण हीच. इथे कॅमेरा मुद्दाम रेंगाळतोय, कारण मेंदीचं सगळं भलंबुरं या वाडग्यात ठरतं.

(दृश्य: कोन, तळहात)

कोनाचं टोक त्वचेला टेकलेलं नाही. धार किंचित वरून सुटते, दोऱ्यासारखी खाली उतरते, आणि हात वळेल तशी वळते. दाबून ओढलेली रेघ चपटी होते, कडा फाटतात. तळहात आधी साबणाने धुऊन कोरडा केलेला आहे. त्यावर तेल किंवा क्रीम नाही, कारण तेलकट कातडीत रंग शिरत नाही. वॅक्सिंग करायचं असेल तर तेही आदल्या दिवशीच उरकावं.

(दृश्य: वाळत चाललेली नक्षी, कापसाचा बोळा)

लेप वाळून पापुद्रे सुटू लागले की लिंबू-साखरेच्या पाण्यात भिजवलेला बोळा अलगद टेकवायचा. नुसता टेकवायचा, चोळायचा नाही. पाणी जास्त झालं तर रंग ओघळतो. लेप ओला आहे तोवरच लॉसोन त्वचेत उतरतं आणि तिथल्या केराटिन या प्रथिनाशी जोडलं जातं. म्हणून लेप सहा-आठ तास राहू द्यावा. हात उबदार असला की रंग अधिक चढतो.

(दृश्य: बोथट सुरीने लेप खरवडताना)

मेंदी धुवायची नसते, खरवडायची असते. खाली निघतो तो फिका केशरी रंग. तो पाहून हिरमुसू नका. हवेतल्या ऑक्सिजनने तो पुढच्या दोन दिवसांत लाल-तपकिरी होतो. पहिले बारा तास, जमल्यास पूर्ण दिवस, पाणी लागू देऊ नये. नंतर अंघोळीआधी तेलाचं बोट फिरवावं. साबण कमी वापरावा, घासणी दूर ठेवावी. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन रंग झपाट्याने उतरवतं.

(दृश्य: तळहात आणि मनगट, शेजारी शेजारी)

एकाच कोनातली मेंदी, तरी तळहातावर गडद आणि मनगटावर फिकी. तळहाताची कातडी जाड, तिथे लॉसोनला धरायला थर जास्त. ही वरची मृत कातडी झडते तसा रंगही जातो, एक ते तीन आठवड्यांत.

(दृश्य: काळ्या रंगाचा कोन)

शुद्ध मेंदी काळी नसते आणि काही मिनिटांत रंगतही नाही. ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असतं. त्याने फोड येतात, नक्षीच्या आकाराचे व्रण राहू शकतात आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे कलपही सोसत नाही. तान्ह्या बाळांना आणि तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना मात्र शुद्ध मेंदीही लावू नये.

(दृश्य: बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले कोन)

घरी भिजवलेल्या मेंदीत टिकवण्याचं रसायन नसतं. बाहेर ठेवली तर काही दिवसांत तिचा रंग मरतो. उरलेले कोन लगेच फ्रीझरमध्ये ठेवा, आणि वापरण्याआधी आपोआप सैल होऊ द्या.