‘अ बिट स्टिकी’ म्हणजे किती अवघड?

मित्रहो, ‘पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हातचा मळ आणि ‘टॉल ऑर्डर’ म्हणजे झेपणं कठीण, एवढं पाठ करून इंग्रजी येत नाही. काम अवघड म्हणजे नेमकं कसं अवघड, हे त्या शब्दांत दडलेलं असतं. ‘हर्क्युलियन’ कामाला अचाट ताकद लागते, पण ते एकदाचं संपतं. ‘सिसिफियन’ काम संपतच नाही. ग्रीक पुराणातल्या सिसिफससारखं: धोंडा शिखराजवळ नेला की पुन्हा खाली. ‘लाइक पुलिंग टीथ’ बहुतेकदा म्हणतात ते समोरचा माणूस तोंड उघडत नसेल आणि त्याच्याकडून एकेक शब्द काढून घ्यावा लागत असेल तेव्हा. आणि ‘रॉकेट सायन्स’ बहुतेक वेळा नकारातच येतं: ‘इट्स नॉट रॉकेट सायन्स’. नव्याने काम शिकणाऱ्याला हे वाक्य कधीही ऐकवू नका. ‘एवढंही जमत नाही?’ असंच त्याला ऐकू येतं.

पण मला आज बोलायचंय ते एका साध्या शब्दाबद्दल. एप्रिल १९५१, कोरियन युद्धाचे दिवस, तिथली इमजिन नदी. ब्रिटिशांच्या २९ व्या ब्रिगेडवर चिनी सैन्य चालून आलं होतं आणि ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन टेकडीवर वेढली गेली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती कळवली ती ‘अ बिट स्टिकी’ या शब्दांत, असं सांगतात. स्टिकी म्हणजे चिकट. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ होता, जीव मुठीत आहे. अमेरिकन कानाला वाटलं, थोडी ओढाताण आहे, निभावतील. सुटका वेळेवर झाली नाही. त्याला कारणं बरीच होती, पण हा शब्द अजून आठवला जातो. बटालियनचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. वेढ्यातून निसटले ते मोजके.

हे मी तळमळीने सांगतो, कारण आपणही असंच बोलतो. ‘जरा अवघडच आहे’ म्हटलं की मराठी माणूस समजतो, हे काही होत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने अमेरिकेतल्या साहेबांना लिहिलं, ‘फ्रायडे इज अ लिटल डिफिकल्ट’. तिच्या मनात तो स्वच्छ नकार होता. साहेबांनी वाचलं की थोडा जोर लावला की होईल, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते वाट बघत बसले. बिचारी रडकुंडीला आली होती.

आम्ही दोघांनी बसून ते वाक्य पुन्हा लिहिलं. ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही. दोन फाइली यायच्या आहेत. मंगळवारी दुपारी देते.’ इंग्रजीतही तेवढंच, तीन छोटी वाक्यं. त्यात ‘डिफिकल्ट’ हा शब्दच नव्हता.