पाय उशीवर घ्यायचा की खाली सोडू द्यायचा?

(नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझं ट्रेनिंग संपून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे. रात्रपाळीला माझ्याकडे एक आजोबा होते. जुना मधुमेह, चाळीस वर्षांचं धूम्रपान. मध्यरात्र उलटली की ते उठून बसायचे आणि उजवा पाय कॉटवरून खाली सोडायचे. पायावर सूज होती. सूज दिसली की पाय उंच, एवढं मला पाठ होतं. मी जायचे, पाय उचलून दोन उशांवर ठेवायचे, वरून पांघरूण घालायचे. माझी पाठ वळली की पाय पुन्हा खाली. तिसऱ्या रात्री ते म्हणाले, "पोरी, वर ठेवलास की नुसती आग होते गं. खाली सोडला की जरा डोळा लागतो." हे वाक्य मी चार्टवर लिहिलं नाही. 'पेशंट सहकार्य करत नाही' असं मात्र लिहिलं.

सकाळच्या राउंडला सर्जननी त्या पायाला हात लावला आणि विचारलं, "सिस्टर, पायाची नाडी कधी बघितली होती?" मी बघितलीच नव्हती. त्या पायात रक्त पोचत नव्हतं. खाली सोडल्यावर रक्ताच्या स्वतःच्या वजनाने थोडं तरी खाली उतरायचं, म्हणून ते पाय सोडून बसायचे. सूज आली होती ती रात्रंदिवस पाय लोंबता ठेवल्यामुळे. आणि तीन रात्री मी त्यांना मिळणारं तेवढंही रक्त उशीवर ठेवून काढून घेत होते.

म्हणून आज मला तुम्हाला एकच गोष्ट पक्की करून द्यायची आहे. पायाला उशी लावण्याआधी, बँडेज गुंडाळण्याआधी, त्या पायाला रक्त येताना अडचण आहे की जाताना, हे आधी ठरवा. पुस्तकात रोहिणी आणि नीला लिहिलेलं असेल, मी वॉर्डातलेच शब्द वापरते: आर्टरी आणि व्हेन. आर्टरीच्या आजारात रक्त पायापर्यंत पोचत नाही. व्हेनच्या आजारात पोचलेलं रक्त परत वर चढत नाही. दोन्हीकडे पाय दुखतो, दोन्हीकडे जखम होते, पण एकाचा उपचार तो दुसऱ्याचा अपाय.

आधी आर्टरी. आतल्या भिंतीवर चरबीचे थर साचून वाट अरुंद होते. धूम्रपान आणि मधुमेह ही सगळ्यांत मोठी कारणं, मग रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वय. बसलेल्या पायाला रक्त कमी लागतं, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. चालायला लागलं की स्नायू जास्त मागतात आणि अरुंद वाटेने तेवढं येत नाही. पेशंट याला 'क्लॉडिकेशन' म्हणणार नाही. तो म्हणेल पोटरी भरून येते, पोटरीत गोळा येतो. तुम्ही विचारायचं: किती चालल्यावर? उभं राहिलं की किती वेळात थांबतं? दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर दुखणं आणि नुसतं उभं राहिल्यावर काही मिनिटांत थांबणं, ही याची खूण आहे. बसावं लागतं, कंबर पुढे वाकवली की बरं वाटतं, असं कोणी सांगितलं तर मणक्याकडेही लक्ष जाऊ द्या. आजार वाढला की मग आजोबांसारखं, झोपेतही दुखतं. त्यानंतरची पायरी न भरणाऱ्या जखमेची आणि गँगरीनची.

आता हात लावायला शिकू. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलायला सांगितलं की एक स्नायूची दोरी उठून दिसते. तिच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन बोटं ठेवा, अगदी हलकी. ही डॉर्सालिस पेडिस. जोरात दाबलंत तर नाडी तुम्हीच बंद कराल. आपला अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. दुसरी पोस्टिरिअर टिबिअल, आतल्या घोट्याच्या मागे, जराशी खाली. काही निरोगी माणसांतही वरची नाडी हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही बघायच्या, आणि दोन्ही पायांच्या. सापडली की पेनाने खूण करा. पुढच्या पाळीच्या सिस्टरला काळोखात शोधत बसावं लागत नाही.

मग पाय नीट बघा. चकचकीत, केस गेलेली त्वचा, जाड झालेली नखं, एका पायाला दुसऱ्यापेक्षा जास्त गारवा. झोपवून पाय ४५ अंशांवर एक-दोन मिनिटं धरला की पांढरा पडतो आणि खाली सोडला की हळूहळू गडद लाल होतो. सावळ्या त्वचेवर पांढरेपणा पटकन दिसत नाही, तळवा आणि नखांखालचा भाग बघा. ती लाली बघून 'रक्त छान येतंय' असं समजू नका. आर्टरीची जखम बोटांच्या टोकांना, टाचेला, हाड टेकतं तिथे होते. छोटी, खोल, कडा कापून काढल्यासारख्या, तळ फिकट, स्राव जवळजवळ नाही, आणि दुखणं भयंकर. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर मात्र दुखणार नाही. तिथे फसू नका.

हाताला जे कळतं त्याला आकडा देण्यासाठी एबीआय, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. हे काम पुष्कळ ठिकाणी नर्सच करते, म्हणून जरा थांबून सांगते. पेशंटला सपाट झोपवून दहा मिनिटं विश्रांती द्या. दोन्ही दंडांचं वरचं (सिस्टोलिक) बीपी डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणाऱ्या यंत्राने घ्या, जास्त येईल तो आकडा धरा. मग घोट्याच्या लगेच वर कफ बांधा, नाडीवर जेल लावून प्रोब तिरका धरा, आवाज बंद होईपर्यंत कफ फुगवा आणि हळूहळू हवा सोडा. पहिला आवाज परत आला तो आकडा. समजा दंडाचा १४० आहे, पावलावरचा ७८ आणि घोट्यामागचा ८४. मोठा आकडा ८४, भागिले १४०, म्हणजे ०.६. साधारण १ ते १.४ चांगला. ०.९ किंवा खाली आला की आर्टरीचा आजार. ०.४ च्या खाली अतिगंभीर. १.४ च्या वर गेला तर खूश होऊ नका. आर्टरी कॅल्शियम साचून कडक झाली आहे, कफने दबतच नाही. मधुमेहात आणि किडनीच्या आजारात असं होतं, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं. आणि त्या पायात गुठळीचा संशय असेल तर कफ फुगवायचाच नाही.

व्हेनची गोष्ट वेगळी. रक्ताला पायातून छातीपर्यंत चढायचं आहे आणि ढकलायला हृदयाचा जोर फारसा उरलेला नाही. हे काम पोटरी करते. चालताना पोटरी आवळली की व्हेन पिळली जाते, आणि आतल्या झडपा रक्त खाली पडू देत नाहीत. या झडपा शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १६०३ मध्ये छापून दाखवल्या, पण त्या कशासाठी आहेत ते त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात सांगितलं. त्याने हाताला पट्टी बांधून फुगलेली व्हेन बोटाने दाबून दाखवली, रक्त एकाच दिशेने सरकतं. हा प्रयोग तुम्हीही आपल्या हातावर करून बघू शकता.

झडपा निकामी झाल्या की रक्त घोट्याशी साचतं. संध्याकाळी पाय जड होतात, सूज येते, पाय वर घेतला की बरं वाटतं. रक्तातलं लोह त्वचेत उतरून घोट्याभोवती तपकिरी काळसर डाग पडतात. पुढे त्वचा लाकडासारखी घट्ट होते, पाय उलट्या बाटलीसारखा दिसतो. जखम आतल्या घोट्याच्या वर, उथळ, पसरट, कडा वेड्यावाकड्या, आणि इतकी ओली की ड्रेसिंग भिजून जातं. नाडी लागते. सूज असेल तर शोधायला वेळ लागतो, एवढंच.

या जखमेला मलम नाही, दाब बरा करतो. घोट्याशी साधारण ४० मिमी पारा, वर जाताना कमी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, टाच उघडी न सोडता, सगळीकडे सारखाच ताण देत गुंडाळायचं. घोटा बारीक आणि पोटरी जाड असल्यामुळे त्याच ताणाने घोट्याला आपोआप जास्त दाब मिळतो. हाडं वर आलेली असतील तिथे आधी कापूस. पण एबीआय बघितल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. ०.८ च्या खाली पूर्ण दाब देत नाहीत. ०.५ ते ०.८ मध्ये कमी दाब, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. ०.५ च्या खाली दाब द्यायचाच नाही. एकाच पायात दोन्ही आजार असणारे पेशंट भरपूर भेटतात, आणि ओली जखम बघून सवयीने गुंडाळलेली पट्टी तिथे बोटं काळी करते. पट्टीनंतर पेशंटने 'पाय बधिर वाटतोय, दुखतंय' म्हटलं, तर आधी पट्टी सोडा, मग फोन करा.

घरी जाताना काय सांगाल? व्हेनवाल्याला: चाला, बसलात की घोटा हलवत राहा, दिवसातून तीन-चार वेळा पाय छातीच्या वर घेऊन अर्धा तास पडा. आर्टरीवाल्यालाही चालायलाच सांगायचं, पण दुखायला लागेपर्यंत, मग थांबून पुन्हा. असं आठवड्यातून तीनदा, किमान तीन महिने, आणि अंतर खरोखर वाढतं. धूम्रपान पूर्ण बंद. गार पायाला गरम पाण्याची पिशवी कधीच नाही: संवेदना नसते, भाजलेलं कळत नाही आणि भाजलेलं भरायला रक्त नसतं.

दोन तातडीच्या गोष्टी. एका पोटरीला अचानक सूज, ऊब, दुखणं म्हणजे खोल व्हेनमधल्या गुठळीचा संशय. चोळू नका, मोजपट्टीने दोन्ही पोटऱ्या गुडघ्यापासून खाली सारख्याच अंतरावर मोजा, डॉक्टरांना कळवा. पाऊल झटकून दुखतं का बघण्याची होमन्सची जुनी चाचणी भरवशाची नाही. दम लागला किंवा छातीत दुखलं तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. दुसरी: पाय अचानक दुखायला लागला, पांढरा, गार, नाडी नाही, मुंग्या, मग बोटं हलेनाशी झाली. आर्टरी पूर्ण बंद झाली आहे. स्नायूंना मोजके तास मिळतात, साधारण सहा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही. रात्री तीनला फोन करा आणि सर्जन येईपर्यंत पाय उंच करू नका, शेकू नका.

आता मोजे काढा आणि दोघादोघांनी बसा. पेन हातात ठेवा. प्रत्येकाने समोरच्याच्या चारही नाड्या शोधून खुणा करायच्या आहेत, मी येऊन तपासते. वरची नाही लागली तर 'लागत नाही' असंच सांगा, अंदाजाने खूण करू नका.