संत्र्याचं झाड पिवळं पडलं की खाली बघा

(दृश्य: वरुड परिसरातली संत्र्याची बाग, पावसाळा नुकताच सरलाय. ओळीतली तीन झाडं हिरवीगार, चौथं पिवळं.)

हे चौथं झाड बघा. बाकीच्या तिघांना जे खत तेच याला, पाणी तेच, फवारणी तीच, तरी याची पानं मधल्या शिरेपासून पिवळी पडत चाललीयत, शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडल्यात आणि फळ आहे पण वाढायचं नाव नाही. अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शी, नागपूरकडे काटोल-नरखेड, या पट्ट्यात कुठल्याही बागेत शिरा, असं झाड सापडतंच. आणि मग पहिलं काय होतं तर पंप पाठीवर येतो. झिंक मारा, मॅग्नेशियम मारा, दुकानदाराने दिलेलं टॉनिक मारा. पान पिवळं दिसतंय ना, मग पानाला औषध.

आपण आज पानाकडे बघणारच नाहीये. कुदळ घेऊ आणि खाली जाऊ.

पण खणायचं कुठं? खोडाजवळ नाही. खोडाजवळ जाड मुळं असतात, त्यांचं काम झाड धरून ठेवणं आणि आलेलं पाणी वर पोचवणं, त्या मुळांच्या जाड सालीतून आत फारसं काही जात नाही. खरं खाणंपिणं करतात ती बारीक तंतुमुळं, शेतकरी ज्याला पांढरी मुळी म्हणतो ती. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथं पडते ना, त्या सावलीच्या कडेकडेने आतल्या बाजूला ही मुळी सगळ्यात दाट असते, आणि तीही वरच्या फूट-दीड फुटातच. एवढं मोठं झाड, पण त्याचं सगळं पोट जमिनीच्या इतक्या वरच्या थरात. म्हणून खोडाच्या बुडाशी खताचा ढीग लावणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की भाऊ, तिथं खाणारं कुणी नाहीये.

(दृश्य: हिरव्या झाडाखालची माती हाताने बाजूला सारताना, जवळून.)

ही निरोगी झाडाची मुळी. टोकाशी पांढरट, मागे फिकट पिवळसर, हातात घेतली की टणक लागते. या टोकाचे काही मिलिमीटर म्हणजे मुळाचा सगळा कारभार. अगदी पुढे एक टोपी असते, तिच्या पेशी मातीशी घासून झडत राहतात आणि मागून नव्या येत राहतात, वर बुळबुळीत चिकट पदार्थ सोडतात म्हणून मूळ मातीच्या कणांतून सरकू शकतं. याच टोपीत काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते गुरुत्वाकर्षणाने पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं. चार्ल्स डार्विनने आणि त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, १८८० साली यावरचे प्रयोग छापले होते, मुळाचं टोक कापलं तर मूळ वाढतं पण खाली वळायचं विसरतं असं त्यांनी दाखवलं. टोपीच्या मागे पेशी वाढवणारा भाग, त्याच्या मागे त्या पेशी लांबट होणारा भाग, मूळ पुढे ढकललं जातं ते इथूनच, आणि त्याच्याही मागे केशमुळं.

केशमूळ म्हणजे वेगळं मूळ नव्हे, सालीच्या एकाच पेशीचा बाहेर आलेला लांब धागा. आयुष्य काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. पण त्यांनी काय होतं त्याचा अंदाज घ्या. १९३७ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड डिटमर नावाच्या संशोधकाने राय या धान्याचं एकच रोप चार महिने एका लाकडी पेटीत वाढवलं, पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फुटांपेक्षा थोडी कमी खोल, आणि मग मुळं धुऊन मोजली. मुळांची एकूण लांबी भरली ६०० किलोमीटरच्या वर, आणि केशमुळांची १०,००० किलोमीटरच्या वर. एका रोपाची, एका पेटीत!

आता संत्र्याची गोष्ट इथंच वेगळी पडते. संत्रा-मोसंबीच्या मुळांना शेतात केशमुळं फारच कमी आणि तीही आखूड. मग एवढं मोठं झाड भागवतं कसं, तर एका फंगसच्या मदतीने. मायकोरायझा. आल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे नाव दिलं. ही फंगस मुळाच्या आत शिरते, पण मुळाला मारत नाही, तिचे धागे बाहेर मातीत लांबपर्यंत जातात, जिथं मुळी पोचू शकत नाही तिथून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणतात, आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. अमेरिकेत रोगजंतू मारायचे म्हणून संत्रावर्गीय नर्सऱ्यांची माती विषारी वायूने निर्जंतुक करत, आणि मग रोपं खुजी राहायची. माती इतकी स्वच्छ आणि रोपं वाढेनात, कुणाला कळेना. १९७२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की वाईटांबरोबर ही चांगली फंगसही मेली होती म्हणून रोपं उपाशी होती. आपल्याकडे डीएपीचा, म्हणजे स्फुरद भरपूर असलेल्या खताचा, भरमसाठ डोस टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण मातीत स्फुरद फार झालं की झाड या फंगसला साखर द्यायची कमी करतं आणि ती मागे पडते.

बरं, आता मुख्य मुद्द्यावर येऊ.

मूळ पाणी पितं एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण मूळ श्वास घेतं हे बागेत काम करताना आपण सोयीस्कर विसरतो. नत्र, पालाश, लोह हे आपोआप आत शिरत नाहीत, मुळाच्या पेशींना ते ऊर्जा खर्चून आत ओढावे लागतात, ऊर्जा साखर जाळून येते आणि साखर जाळायला ऑक्सिजन लागतो. पानातला ऑक्सिजन मुळापर्यंत पुरेसा येत नाही, तो मातीतल्या पोकळ्यांमधूनच घ्यावा लागतो. आणि त्या पोकळ्यांत पाणी भरलं तर? ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत जवळपास १०,००० पट हळू पसरतो. म्हणजे चार दिवस पाणी साचलं की मुळाचा श्वास कोंडला. भाताला चालतं, कारण भाताच्या मुळात वरून हवा खाली न्यायला पोकळ नळ्या तयार होतात. खाडीकाठच्या तिवराला चालतं, त्याची मुळं चिखलातून वर डोकं काढून हवा घेतात. संत्र्याकडे यातलं काहीच नाही.

आणि इथं सगळ्यात मोठी फसगत होते. श्वास कोंडलेलं मूळ पाणीही आत घेईनासं होतं, मुळाच्या पेशी पाण्याची वाट जवळजवळ बंद करतात. म्हणजे झाड पाण्यात उभं आहे आणि पानं मात्र तहानलेल्या झाडासारखी माना टाकतायत. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. तो अजून मोटर चालू करतो.

आपली विदर्भातली काळी माती, बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली, चिकण मातीचं प्रमाण जबरदस्त, भिजली की फुगते आणि पोकळ्या बंद होतात, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पाणी धरून ठेवते म्हणून कापसाला, तुरीला चांगली, पण संत्र्यासाठी हीच माती दोन्ही बाजूंनी मारणारी आहे.

(दृश्य: पिवळ्या झाडाखाली खणलेली जागा. मुळी चिमटीत धरलेली.)

आता पिवळ्या झाडाखालची मुळी. रंग तपकिरी, काही ठिकाणी काळपट, वास आंबूस. ही बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. बघा, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी वरची साल निघून हातात आली आणि आत फक्त बारीक पांढरा दोरा उरला. ही टेस्ट कुठल्याही लॅबशिवाय बांधावर करता येते आणि प्रत्येक संत्रा उत्पादकाने ती करावीच असं माझं ठाम मत आहे. साल म्हणजे मुळाचा खाणारा भाग, तो कुजला, आतली नळी तेवढी राहिली.

हे काम फायटोफ्थोराचं. दिसायला फंगस, आपण बोलतोही तसंच, पण खरं तर हा वेगळाच गट, फंगसपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळचा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा सडून जो भयानक दुष्काळ पडला तो याच्याच एका भावकीतल्या जातीमुळे. याचे बीजाणू पोहतात, खरोखर पोहतात, प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. माती वाफशावर, म्हणजे ओल आहे पण पाणी साचलेलं नाही अशी, असेल तर त्यांना हलता येत नाही. पाणी साचलं की ते सुटतात, आणि श्वास कोंडलेल्या मुळातून जी साखर, जे अल्कोहोल झिरपतं त्याच्या दिशेने जातात, कोवळ्या टोकाच्या मागे चिकटतात आणि आत घुसतात. म्हणजे आपणच साचवलेलं पाणी आधी मुळीला अर्धमेली करतं आणि मग त्याच पाण्यातून तिचा शत्रू येतो. हाच रोग खोडावर आला की साल फाटून डिंक वाहतो, तो डिंक्या. आणि हा मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, त्यामुळे एकदा औषध टाकलं, संपला, असं होत नाही.

म्हणून आधी पाण्याची वाट बदलायची. खोडाला लागून आळं करून त्यात मोकाट पाणी सोडायची जुनी पद्धत सगळ्यात घातक, खोड दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एका झाडाचं पाणी पुढच्या झाडाकडे रोग घेऊन जातं. ड्रिप असेल तर ड्रिपर खोडापासून लांब, सावलीच्या कडेला सरकवा, झाड वाढतं तसं लॅटरलही, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी, बाहेर जायला हवी, लावताना जिथं टाकली तिथंच दहा वर्षं पडून असलेली बघायला मिळते. ड्रिप नसेल तर दुहेरी आळं करा, आतल्या आळ्यात खोड कोरडं, बाहेरच्या आळ्यात पाणी. पाणी कधी द्यायचं ते घड्याळ बघून ठरवू नका, सहा इंच खालची माती मुठीत दाबा, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, नुसताच चेपला तर थांबा. आणि पावसाळ्यासाठी दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर हवेच, भारी जमिनीत याला पर्याय नाही.

पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा खोडाला बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. जमिनीत चांगल्या कुजलेल्या शेणखतातून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाशी लढणारी उपयोगी फंगस, द्या, पण तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा एकत्र ओतू नका, तांबं त्यालाही मारतं. रोग फार वाढला असेल तर मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल असलेली औषधं आहेत, तज्ज्ञांना विचारून आणि लेबल वाचून वापरावीत, फक्त पाणी तसंच साचत असेल तर तो खर्च मातीत गेला समजा.

ताणाबद्दल बोलल्याशिवाय संत्र्याचं बोलणं पुरं होत नाही. बहार धरायला, म्हणजे फुलं आणायला, काही काळ पाणी तोडतो, तोच ताण, झाडाची वाढ थांबते आणि फुलाची तयारी होते, ठीक. पण भारी जमिनीत ताण लांबला की भेगा रुंद होतात आणि त्या भेगा तंतुमुळं अक्षरशः तोडतात. त्यानंतर एकदम भरपूर पाणी दिलं की तुटलेली, जखमी मुळी, ओल आणि फायटोफ्थोरा तिन्ही एकत्र. म्हणून आधी हलकी आंबवणी, म्हणजे ताण मोडताना दिलेलं पहिलं पाणी, मग दोन-तीन दिवसांनी चिंबवणी, म्हणजे दुसरं पाणी, मग हळूहळू पूर्ण पाणी, हे आपल्याच जुन्या माणसांचं शहाणपण होतं. आणि झाडाच्या घेरात रोटाव्हेटर घालू नका, पांढरी मुळी वरच्या थरातच आहे हे आपण पाहिलंच. गवत कापून तिथंच अंथरा.

आजारी झाडावर फळ ठेवायचा मोह आवरता आला तर फार बरं. संत्र्यात वरची नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, आणि खालची मुळी आळीपाळीने वाढतात, नवती पक्की झाली की तिची साखर खाली जाते आणि मुळी फुटते. फळांचा भार असेल तर ती साखर फळांतच जाते. वाळलेल्या फांद्या काढा, फळ उतरवा, मग सावलीच्या कडेला पुन्हा बघत राहा.

(दृश्य: नर्सरीतली पिशवीतली रोपं.)

आणि नवीन बाग लावणार असाल तर रोग बहुतेक वेळा इथूनच घरी येतो, पिशवीतल्या मातीतून. आपल्याकडे संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाची कळी, जंबेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबाच्या जातींच्या खुंटावर भरतात, म्हणजे वर झाड नागपुरी संत्र्याचं आणि खाली मुळं दुसऱ्याची. जंबेरी जोमदार पण फायटोफ्थोरापुढे नाजूक, त्यामानाने रंगपूर बरी. कुठला खुंट आहे हे न विचारता रोप घेऊ नका. डोळा जमिनीपासून निदान वीतभर वर असायला हवा आणि लागवडीनंतरही तो मातीच्या वरच राहायला हवा. नर्सरीवाल्याला विचारा की माती उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक घालून महिना-दीड महिना तापवली होती का. आणि शंभर रोपं घेत असाल तर दोन-चार पिशव्या त्याच्यासमोर फाडून बघा, मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल वेटोळं घेऊन बसलीयत का, मुळी पांढरी आहे की तपकिरी, साल ओढल्यावर निघतेय का. चार रोपांचे पैसे जातील, तरी आधी पिशवी फाडा आणि मग गाडी भरा.